पहिल्या घासाची गोळी: या चुका टाळा

आमचं औषधांचं दुकान ठाण्यात, नौपाड्यात. काउंटरवर एक तक्रार ठरलेली: "ही गोळी लागूच पडत नाही हो, जेवणानंतरची शुगर होती तिथेच आहे." चिठ्ठीवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज, म्हणजे जेवणानंतरची शुगर आवरणारी मधुमेहाची गोळी, दिसली की मी आधी एकच विचारतो, "घेता केव्हा?"

एक काका घोडबंदर रोडला राहतात, नोकरी ऐरोलीला. सकाळी आठला निघताना सगळ्या गोळ्या एकदम घशाखाली, आणि डबा उघडायचा दीडला. चिठ्ठीवर 'जेवणाआधी' लिहिलंय ना! पित्ताच्या गोळीची सवय झालेली, त्यामुळे 'आधी' म्हणजे अर्धा-पाऊण तास, असंच लोक धरून चालतात. या गोळीचं काम रक्तात नाही, आतड्यात चालतं. लहान आतड्याच्या अस्तरावर पिष्ट आणि साखर फोडणारी विकरं असतात, त्यांना ती अडवून धरते. मग ग्लुकोज सावकाश सुटतं आणि जेवणानंतरची उसळी कमी होते. म्हणजे अन्न आणि गोळी एकाच वेळी तिथे पोचायला हवीत. पान वाढलं, चित्राहुती घातली, की पहिल्या घासाबरोबर गोळी. अकार्बोज त्या घासाबरोबर चावून खाल्ली तरी चालते. हात धुतल्यावर आठवलं तर सोडून द्या, पुढच्या जेवणाला दोन घेऊ नका. जेवणच नसेल तर गोळीही नको. पण 'आज संकष्टी, गोळी बंद' हे साबुदाण्याची खिचडी पुढ्यात घेऊन म्हणू नये. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट!

दुसरी तक्रार लोक हळू आवाजात सांगतात. पोट फुगतं, गुडगुडतं, ट्रेनच्या गर्दीत पंचाईत होते. न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू ते आंबवतात, इडलीचं पीठ फुगावं तसं. म्हणूनच डॉक्टर कमी डोसपासून सुरुवात करतात. बहुतेकांना काही आठवड्यांत त्रास कमी होतो. इथे होणारी चूक म्हणजे परस्पर पाचक सिरप घेणं. त्यातल्या बऱ्याच सिरपांत डायस्टेज असतं, पिष्ट फोडणारं. एका हाताने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने ॲक्सिलरेटर पिळायचा, असला प्रकार. गॅसवर घेतात त्या कोळशाच्या गोळ्यांनीही असर घटतो. आतड्याला सूज, जखम किंवा अडथळा असेल तर हे औषध मुळात घ्यायचंच नाही. तो आजार डॉक्टरांना आधी सांगा.

तपासणीतली गल्लत छोटी आहे. नुसती उपाशीपोटीची शुगर पाहून या गोळीला नापास करू नका. जेवणानंतरची बघा, दोन तास पहिल्या घासापासून मोजा, आणि त्या जेवणाला गोळी चुकवू नका.

आता जिवाशी येणारी चूक. ही गोळी एकटी असेल तर सहसा शुगर खाली पाडत नाही. पण स्ट्रिपची मागची बाजू वाचा: पुष्कळदा एकाच गोळीत मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड (ही दोन्हीही मधुमेहाचीच औषधं) आणि व्होग्लिबोज तिन्ही असतात. ग्लिमेपिराइडने किंवा इन्सुलिनने शुगर पडू शकते. (अशी तिहेरी गोळी जेवण हुकल्यावर कशी घ्यायची, हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.) घाम फुटला, हात थरथरले की आपण चटकन काय देतो? चमचाभर साखर, नाहीतर बिस्कीट. आणि नेमकी तीच साखर फोडणारी विकरं गोळीने अडवलेली असतात, त्यामुळे शुगर वेळेत वर येत नाही. ही गोळी घेणाऱ्यांना थेट ग्लुकोज लागतं. साधी ग्लुकोज पावडर घ्या, पाकिटावर डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचंच दुसरं नाव) लिहिलेली. साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार सपाट चमचे पाण्यात. १५ मिनिटांनी शुगर मोजा, चढली नसेल तर पुन्हा तेवढीच. पुडी घरात, ऑफिसच्या बॅगेत आणि डब्याच्या पिशवीत, तिन्ही ठिकाणी असू द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि स्ट्रिप सोबत न्या.