धरणातल्या मासळीचा साठा मोजताय? या चुका टाळा

उन्हाळा लागला की खानदेशातल्या धरणांवर मासळीची आवक वाढते आणि दरवर्षी कुणीतरी कागदावर लिहून देतं, ‘साठा समाधानकारक आहे.’ या एका वाक्याने आजवर बरंच नुकसान केलंय.

आवक म्हणजे साठा नव्हे. पाणी उतरलं की आहे तोच मासा कमी जागेत गोळा होतो. समजा, नोव्हेंबरात ८०० हेक्टरवर पसरलेलं पाणी मे महिन्यात २०० हेक्टरवर आलं. एकही मासा न वाढता दाटी चौपट झाली. मग जाळ्याला भरपूर लागणारच.

गिरणा खोऱ्यातल्या एका मध्यम धरणावर मी हे डोळ्यांनी पाहिलंय. ऐन मे महिन्यात दोन तरुण पाहणीला आले. काठावरचे कटला-रोहूचे ढीग बघितले, चार फोटो काढले, आणि एका दुपारीत अहवाल तयार. तिथले एक म्हातारे भोईबाबा म्हणाले, “पानी कमी व्हयनं भाऊ, मासा वाढना नही.” मी तेच त्या पोरांना सांगून पाहिलं, पण त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. त्या अहवालाच्या भरवशावर मच्छीमार संस्थेने जाळी वाढवली आणि पाऊस लागेपर्यंत उपसा चालू ठेवला. दिवाळीनंतर रात्रभर लावलेल्या जाळ्यांत सकाळी नुसता तिलापिया हा हलका मासा निघत होता. वर्षभरात चांगलं वजन धरणारा कटला किलोच्या आत असतानाच बाजारात गेला होता.

माझी सवय सांगतो. प्रत्येक नोंदीत किलोशेजारी चार गोष्टी लिहायच्याच: जाळ्याची लांबी, आस (म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप), जाळं किती तास पाण्यात होतं, आणि त्या दिवशीची धरणाची पातळी. पातळीची नोंद धरणावरच्या पाटबंधारेच्या माणसांकडे असते. मग १०० मीटर जाळ्याला एका रात्रीत किती किलो, हे काढायचं आणि गेल्या वर्षी पाणी याच पातळीवर असतानाच्या आकड्याशी ताडून बघायचं. मेची तुलना नोव्हेंबरशी करायचीच नाही. दोन-तीन वर्षं वही नीट भरली की साठा कुठे चाललाय ते कळायला लागतं. त्याआधी कळावं असा हट्ट धरणाऱ्यांनी दुसरं काम शोधावं.

दुसरी चूक एकाच आसाच्या जाळ्याची. तंगूसाच्या, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याच्या जाळ्यात मोठ्या आसातून लहान मासा आरपार निघून जातो आणि बारीक आसात मोठ्या माशाचं डोकंच शिरत नाही. म्हणजे चार बोटं आसाच्या जाळ्यात सगळा मासा जवळपास एकाच मापाचा येणार. त्यावरून ‘बारीक मासा नाही, बीज (धरणात सोडलेली पिल्लं) जगलं नाही’ म्हणणं चूक. पाहणीसाठी वेगवेगळ्या आसांचे सारख्या लांबीचे तुकडे एकाच रात्री लावा. आस मोजताना जाळं ओलं करून समोरासमोरच्या दोन गाठी ताणा आणि मधलं अंतर पट्टीवर घ्या. बोटांचं माप वहीत नको, प्रत्येकाचं बोट वेगळं.

व्यापाऱ्याच्या काट्यावर मापं घेऊ नका. तोवर मोठा मासा वेगळा निघालेला असतो आणि बारीक घरी कालवणाला गेलेला असतो. मासा किनाऱ्याला लागतो तिथेच मोजा.

लांबी सपाट फळीवर घ्या. पोटावरून टेप फिरवली की मासा उगाच लांब होतो.

सोडलेल्या बीजाची पावती म्हणजे साठा नव्हे. १० सेंटिमीटरच्या आतली बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, मोठ्या धरणात सोडली की त्यातली बरीच मरळीसारख्या शिकारी माशांच्या पोटात जाते.

कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांना पावसाळी वाहतं पाणी लागतं. त्यामुळे छोट्या तलावात प्रश्न एवढाच, की सोडलेला मासा वाढू दिला का. पण तापीवरच्या हतनूरला किंवा नंदुरबारकडे पसरलेल्या उकाईच्या फुगवट्यात वरून नदी येऊन मिळते. तिथे पावसाळ्यात अंड्यावर आलेली मादी धरली तर पुढचं बीजच गेलं. दोन्हीकडे एकच नियम लावू नका.

आणि पावसाआधीचा आकडा पावसानंतर वापरू नका. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. पुरात ते उघडले की पाण्याबरोबर मासाही खाली जातो. पाणी निवळलं की जाळी पुन्हा लावा आणि वहीत नवीन पान सुरू करा.