डोळे मिटून अबोध मनात उतरताय? मग या चुका टाळा

युट्यूबवर "अंतर्मनाचा प्रवास" टाइपचे ऑडिओ ढिगाने पडलेत. मागे बासरी, मग समुद्रकिनारा, मग एक दरवाजा आणि आत तुमचा हायर सेल्फ, म्हणजे तुमचंच जास्त शहाणं रूप, हसत उभा. ऐकून बरं वाटतं, झोप पण छान लागते, माझी त्याला काही हरकत नाही. पण किनारा त्यांचा, दरवाजा त्यांचा आणि दरवाज्यामागे कोण असणार हे पण त्यांनीच ठरवलेलं, मग तुमच्या मनाने बोलायचं कधी?

खरी गाइडेड पद्धत एवढं बोलतच नाही. हान्सकार्ल लॉयनर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने 1950 च्या दशकात जी पद्धत बसवली त्यात पेशंटला नुसता विषय देतात, कुरण, ओढा, डोंगर, घर, जंगलाची कड, बास. कुरण हिरवंगार आहे की करपलेलं, ओढ्याला पाणी आहे का, हे पेशंटने सांगायचं आणि शेजारी बसलेला थेरपिस्ट फक्त विचारत राहणार. एकट्याने करायचा प्रकार म्हणजे स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगचं अ‍ॅक्टिव्ह इमॅजिनेशन, म्हणजे जागेपणी मनात येणाऱ्या प्रतिमांमध्ये शिरायचं आणि त्यांच्याशी बोलायचं. 1913 मध्ये फ्रॉइडशी फाटल्यावर त्याने हे आधी स्वतःवर करून बघितलं. लोकांचं सगळ्यात जास्त अडतं ते यातच, म्हणून पुढचं बरंचसं त्याबद्दल.

पहिली अडचण सगळ्यांची सेम: "हे तर मीच बनवतोय". युंगने 1935 साली लंडनमध्ये टॅव्हिस्टॉक या मानसोपचाराच्या क्लिनिकमधल्या लेक्चर्समध्ये एका तरुण चित्रकाराची गोष्ट सांगितली होती, त्याला हा प्रकार काही केल्या जमेना. युंगकडे येताना तो स्टेशनवर ट्रेनची वाट बघत बसायचा आणि तिथे भिंतीवर आल्प्समधल्या म्यूरेन गावाचं पोस्टर होतं, धबधबे, हिरवं कुरण, मधे टेकडी आणि टेकडीवर गायी. एकदा त्याने ठरवलं की आपण या पोस्टरमध्येच शिरायचं. कुरणातून टेकडी चढला, पलीकडे उतरला, पायवाट लागली, एका मोठ्या खडकाला वळसा घालून गेला तर पुढे छोटं चर्च, दार किंचित उघडं. आत फुलांनी सजवलेली वेदी, वर मेरीची लाकडी मूर्ती, आणि तेवढ्यात टोकदार कानांचं काहीतरी वेदीच्या मागे सटकलं. याला वाटलं, छे, काहीतरीच, आणि सगळं गायब. नंतर परत शंका आली म्हणून तो पुन्हा पोस्टरपासून निघाला, तीच वाट, तेच चर्च, आणि ते टोकदार कानवालं परत वेदीमागे उडी मारून गेलं. तेव्हा त्याला पटलं.

तुम्ही पण हेच करा. दर वेळी नवीन सीन शोधू नका, जिथे सोडलं होतं तिथेच परत जा. जी गोष्ट तुम्ही मुद्दाम आणून ठेवली नव्हती, कदाचित आवडलीही नव्हती, ती परत तिथेच भेटली तर काम सुरू झालंय समजा. आणि सुरुवातीला काहीच सुचत नसेल तर कालच्या स्वप्नातला अर्धवट राहिलेला सीन घ्या, नाहीतर सकाळपासून डोक्यात बसलेली चिडचिड घ्या आणि तिला थोडा वेळ द्या.

आता माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक, पिक्चर बघत बसणं. युंगच्या एका पेशंटला दिसलं की त्याची होणारी बायको नदीकडे पळत चाललीये, थंडीने नदी गोठलेली, ती बर्फावर जाते, हा मागे मागे, बर्फ फुटतो, काळी भेग पडते, ती त्यात उडी मारते आणि हा साहेब दुःखी मनाने बघत राहतो. युंगचं म्हणणं एवढंच होतं, अरे खरोखर असं झालं असतं तर तू धावला नसतास का? तिथे फॅंटसी आहे म्हणून हातावर हात ठेवून उभा राहिलास, म्हणजे तू ती खरी मानलीच नाहीस. आत उतरल्यावर तुम्ही तुम्हीच असायला हवं, ओरडा, पळा, हात धरा, विचारा.

आपल्याकडे हे जास्त अवघड जातं कारण आपली ट्रेनिंग उलटी आहे. इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस बसून आलेल्या माणसाला जे येईल ते साक्षीभावाने बघ, रिअ‍ॅक्ट होऊ नकोस, हेच शिकवलेलं असतं, आणि पतंजलींचं तर दुसरंच सूत्र चित्तवृत्तिनिरोध, म्हणजे मनात उठणाऱ्या वृत्ती थांबवणं. ते त्याच्या जागी बरोबरच आहे, पण इथे वृत्तींना बोलू द्यायचंय, त्यामुळे दोन्ही एकाच बैठकीत करू नका. युंग स्वतः योगाचे व्यायाम करायचा पण फक्त भावना फार उसळल्या तर, थोडं शांत वाटलं की थांबायचा आणि परत प्रतिमांकडे जायचा.

याच्या बरोबर उलटी चूक म्हणजे स्टिअरिंग हातात धरून ठेवणं, साप आला की लगेच त्याचं कमळ करून टाकायचं कारण पॉझिटिव्ह राहायचंय ना! राहू द्या सापाला. तो काय करतो बघा, तुम्हाला भीती वाटली तर तसं त्याला सांगा. आणि लगेच गुगलवर "स्वप्नात साप दिसणे" सर्च करू नका, अर्थ काढायची घाई केली की साप तिथेच मेला, आधी लिहून होऊ दे.

आतून आलेला प्रत्येक आवाज म्हणजे आकाशवाणी, हा अजून एक गैरसमज. युंग आपल्या नोंदी लिहीत असताना एका बाईचा आवाज म्हणाला की तू करतोयस ही कला आहे. त्याने ठाम नाही म्हटलं, भांडला, आणि वर तिला सांगितलं की बोलायला तुझ्याकडे वाचा नसेल तर माझी वापर! मग ती सविस्तर बोलली. त्याला नंतर वाटलं की मी तिचं ऐकलं असतं तर स्वतःला उपेक्षित कलावंत समजून बसलो असतो. तेव्हा आत भेटलेल्या पांढऱ्या दाढीवाल्या बाबाने नोकरी सोड म्हटलं तर राजीनामा टाइप करायच्या आधी त्याला विचारा, ईएमआय कोण भरणार? खरंच विचारा, उत्तर ऐकण्यासारखं असतं.

जिवंत ओळखीच्या माणसांना आत बोलावू नका. सासू, बॉस, एक्स, कोणीच नको. नाहीतर सगळा वेळ मनातल्या मनात भांडण जिंकण्यात जातो आणि बाहेर त्या माणसाशी वागणं अजून बिघडतं.

बारीकसारीक: जेवून बेडवर आडवं होऊन करू नका, झोपाल. खुर्चीत बसा, वही मांडीवर, वीस मिनिटांचा अलार्म, आणि जे घडतंय ते तेव्हाच लिहा. चित्रच दिसत नसतील तर टेन्शन नको, काही लोकांना डोळे मिटून काहीच दिसत नाही, 2015 पासून त्याला अफँटेशिया असं नाव पण आहे. अशांनी आतून शब्द येतात का ते ऐकून बघावं, किंवा हात चालवावेत, माती, खडू, काहीही. युंग स्वतः तळ्याकाठचे दगड गोळा करून छोटी छोटी घरं बांधत बसायचा.

एक गंभीर गोष्ट. आत दिसलेलं म्हणजे आठवण नव्हे. आठवणींवर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं की लहानपणीचा न घडलेला प्रसंग नुसता कल्पनेत आणला तरी तो घडला असेल असं लोकांना जास्त वाटायला लागतं. त्यामुळे "मागचा जन्म" किंवा "काकाने माझ्यासोबत काय केलं" असं काही दिसलं तर त्यावरून घरात कोणावर आरोप करू नका, पण दाबूनही टाकू नका, चांगल्या थेरपिस्टसमोर मांडा.

ज्यांना सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटणं) किंवा मॅनियाचा (मन टोकाचं उत्तेजित होणं) एपिसोड होऊन गेलाय, किंवा मोठा ट्रॉमा ताजा आहे, त्यांनी हे एकट्याने अजिबात करू नये. युंगला सुद्धा धरून ठेवायला बायको, पाच मुलं, रोजचे पेशंट होते, आणि तो स्वतः डॉक्टर होता. बैठक संपल्यावरही आवाज चालूच आहेत, झोप उडालीये, आपल्याला काहीतरी खास मिशनसाठी निवडलंय असं वाटायला लागलंय, यातलं एक जरी झालं तरी वही बंद करा, ऑडिओ पण बंद, घरात कोणाला तरी सांगा आणि सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जा. लगेच अपॉइंटमेंट मिळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.