नाताळची फ्रोझन टर्की: २२ तारखेच्या रात्रीच फ्रीजरमधून काढा

सांगली-मिरजेत टर्की हवी तर बहुधा पुण्या-मुंबईहून फ्रोझनच मागवावी लागते. त्याआधी आपल्या ओव्हनची आतली उंची मोजा. घरगुती ओव्हनला साडेतीन-चार किलोचा पक्षी पुरे. पिशवीत बर्फाचे खडे साचलेले दिसले तर घेऊ नका. माल मध्येच वितळून पुन्हा गोठलेला असू शकतो.

बिघडतं ते वितळवताना. फ्रिजमध्ये दर दोन किलोला पूर्ण एक दिवस लागतो, म्हणून चार किलोची टर्की २२ डिसेंबरच्या रात्रीच परातीत घालून खालच्या कप्प्यात ठेवा. थंडी आहे म्हणून ओट्यावर ठेवू नका, कृपा करून. बाहेरचं मांस खराब व्हायला लागतं आणि आत दगड तसाच राहतो. पोटात कलेजी-मानेची पिशवी असते, तीही आठवणीनं काढा.

लोणी, लसूण, मिरी आणि आपली सांगलीची हळद कातडीखाली चोळा. १६५ अंश सेल्सियसला साधारण तीन तास. छाती लवकर लाल झाली तर फॉइल झाका. घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवा: मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश दिसले पाहिजेत. मग अर्धा तास तशीच राहू द्या, रस आत मुरतो. उरलेल्या हाडांचा रस्सा दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर फार छान लागतो.