जुन्या डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड टाकताय? आधी झाकण उघडा

बहुतेक जण उलटं करतात, आधी कार्ड ऑर्डर करतात आणि ते घरी आलं की कळतं एकतर ते आत बसत नाही नाहीतर त्याला जोडायला वायरच नाही. म्हणून कार्ड शोधायच्या आधी कॅबिनेट उघडा.

मी भाच्याच्या मशीनचं उदाहरण धरून सांगतो. डेल ऑप्टिप्लेक्स ७०१०, मिनी टॉवर, आय५-३४७० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २०१२ च्या पिढीचं, ऑफिसमधून निघालेलं सेकंडहँड. त्याला ब्लेंडर (थ्रीडी चित्रं आणि ॲनिमेशन करायचं सॉफ्टवेअर) शिकायचंय आणि प्रोसेसरमधल्या एचडी २५०० ग्राफिक्सवर ब्लेंडर ४ उघडतच नाही, कारण ब्लेंडरला ओपनजीएल (सॉफ्टवेअर आणि ग्राफिक्समधला दुवा) ४.३ लागतं आणि हे ग्राफिक्स ४.० वरच थांबतं. मशीन बाकी अजून ठणठणीत आहे, नुसत्या कार्डासाठी भंगारात काढायची अजिबात गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पॉवर सप्लाय. डब्यावर स्टिकर असतो तो टॉर्च मारून नीट वाचा. ह्या मशीनचा २७५ वॅटचा आहे आणि त्यातून ग्राफिक्स कार्डासाठीची ६ पिनची वायर निघत नाही. मग कार्डाला जी काही वीज मिळणार ती स्लॉटमधूनच, आणि पीसीआय एक्सप्रेस स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. प्रोसेसर ७७ वॅटचा, कार्ड ७५ चं, बाकी बोर्ड हार्डडिस्क फॅन मिळून चाळीस-पन्नास धरा, म्हणजे दोनशेच्या आसपास, भागतं. काही दुकानात साटाच्या (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या) वायरीवरून ६ पिन काढून देणारा कन्व्हर्टर गळ्यात मारतात, तो कृपा करून घेऊ नका. साटाच्या प्लगमधून १२ व्होल्टवर ५४ वॅटच्या वर ओढायचं नसतं, त्यावर ७५ वॅटचा लोड टाकला तर प्लग वितळतो, आग लागू शकते.

७५ वॅटच्या आतली कार्डं तशी मोजकीच. जीटीएक्स १०५० टीआय सेकंडहँड स्वस्त मिळतं, पण त्या पिढीचे नेहमीचे ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ ला थांबवले, आता फक्त सिक्युरिटी अपडेट येतात, म्हणून मी जीटीएक्स १६५० घ्या म्हणेन, ४ जीबीचं. फक्त फोटोत कार्डाची वरची कड बघा, काही १६५० ना पण ६ पिनचं सॉकेट असतं, ते आपल्या कामाचं नाही. एएमडीचं आरएक्स ६४०० वीज कमी खातं पण ते स्लॉटच्या चारच लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर मार खातं. इंटेलचं आर्क जुन्या मशीनला नकोच, त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डाची सोय) लागतो. सेकंडहँड घेणार असाल तर दुकानातच पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देऊन तपासणारं सॉफ्टवेअर) चालवून बघा, स्क्रीनवर ठिपके किंवा पट्टे आले तर सरळ परत द्या.

लांबी पट्टीने मोजा, स्लॉटपासून हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत. एका फॅनचं आखूड कार्ड असलं की टेन्शन नाही. तुमचं मशीन लहान, एसएफएफवालं (स्मॉल फॉर्म फॅक्टर) असेल तर लो प्रोफाइल म्हणजे कमी उंचीचं कार्डच लागेल, त्याच्या मागच्या छोट्या पत्र्याच्या पट्टीसकट. आणि मॉनिटर बघा! निळ्या व्हीजीए वायरीचा जुना मॉनिटर असेल तर १६५० ला ते पोर्टच नसतं, एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर आधीच आणून ठेवा.

कार्ड बसवायच्या आधी डेलच्या साइटवरून बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या, जुन्या बायोसला कधीकधी नवीन कार्ड ओळखता येत नाही. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड जाऊ शकतो, तेव्हा यूपीएसवर करा.

मग मशीन बंद, मागची वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. धूळ मऊ ब्रशने काढा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्या, अंगातली स्टॅटिक उतरते. ह्या बोर्डावर दोन लांब स्लॉट आहेत, निळा आणि काळा, दिसायला सारखेच पण काळ्यात चारच लेन आहेत, कार्ड निळ्यातच बसवा. स्लॉटसमोरच्या कॅबिनेटच्या मागच्या पट्ट्या काढा, कार्ड कडेला धरून सरळ खाली दाबा, तिरकं नाही, स्लॉटच्या टोकाचा खटका टक् करून अडकला पाहिजे. तो आवाज आला नाही तर कार्ड अर्धवट बसलंय, पुन्हा काढून बसवा, जोर लावू नका.

मॉनिटरची वायर आता कार्डात लावायची, बोर्डावरच्या जुन्या पोर्टात नाही, “डिस्प्ले येत नाही” म्हणून फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांचं एवढंच असतं. विंडोज सुरू झालं की ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरून घ्या. आधी दुसरं कार्ड असेल तर डीडीयू (ड्रायव्हर पूर्ण काढून टाकणारं सॉफ्टवेअर) चालवून त्याचे ड्रायव्हर पुसा.

शेवटी जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बस इंटरफेसच्या रकान्यात x१६ (म्हणजे सोळा लेन) दिसतंय का बघा, आणि ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिममध्ये जाऊन कूडा (रेंडरचं काम एनव्हिडियाच्या कार्डावर करायची सोय) ऑन करा, हे भाच्याचं राहिलं होतं आणि रेंडर दोन दिवस प्रोसेसरवरच चालत होता.