सल्लागार मंडळ नेमलं, पण सल्ला कुठंय? सस्टेनेबिलिटी सेंटरवाल्यांनो, या चुका टाळा

कॉलेजात किंवा युनिव्हर्सिटीत सस्टेनेबिलिटी सेंटर (पर्यावरण आणि शाश्वत विकासावर काम करणारं केंद्र) काढायचं ठरलं की सगळ्यात आधी काय तयार होतं, तर सल्लागार मंडळाची यादी. सेंटरला अजून धड खोली नसते, संशोधक म्हणजे एक पीएचडीवाली मुलगी आणि एक प्रोजेक्ट असिस्टंट, पण ब्रोशरवर फोटो मात्र दहा! एक माजी कुलगुरू, एक निवृत्त सनदी अधिकारी, एखादे पुरस्कारवाले शास्त्रज्ञ, एका कंपनीचे सीएसआर (समाजकामावरचा खर्च) हेड. नॅकला (कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था) पर्यावरणाची कामं दाखवायची असतात, त्यामुळे घाईही असते. मग वर्षातून एक मीटिंग, शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो, जेवण. आणि वर्षभराने डायरेक्टर म्हणतात, अहो हे लोक काही सल्लाच देत नाहीत.

देतील कसा, विचारलं कधी होतं?

नावं आधी आणि काम नंतर

यादी करायच्या आधी एक कागद घ्या आणि पुढच्या दोन वर्षांत आपलं घोडं कुठे अडणार आहे ते लिहा. समजा तुमचं सेंटर अवर्षणप्रवण तालुक्यातल्या भूजलावर काम करणार आहे. मग तुम्हाला खडकाचे थर कळणारा भूजलवाला पाहिजे, उसाचं अर्थकारण कळणारं कोणीतरी पाहिजे, कायद्याचा माणूस पाहिजे (२००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंदी आहे आणि बोअर तर सर्रास त्याच्या खाली जातायत, हे कागदावर कसं मांडायचं ते तोच सांगेल) आणि गावात पाण्याचा ताळेबंद (पाणी आलं किती, वापरायचं किती) प्रत्यक्ष बसवलेला माणूस पाहिजे. हा शेवटचा नेहमी राहून जातो. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, ऊस-केळी नको, पावसाच्या मापावर पिकं ठरवायची असं गावानेच ठरवलं आणि पाळलं. अशा कामातून गेलेल्या एखाद्या सरपंचाला किंवा पाणी समितीवाल्याला मंडळावर घ्या, कारण भावकीतलाच एक जण रात्री बोअरची गाडी आणतो तेव्हा काय करायचं हे कुठल्याच जर्नलमध्ये येत नाही. आणि घेतलंत तर मीटिंग मराठीत घ्या. चार प्राध्यापक इंग्रजीत तासभर बोलणार आणि शेवटी "काका, तुम्हाला काही सांगायचंय का" हे फार वाईट दिसतं.

सल्लागार की मालक, हे न ठरवणं

ऑटोनॉमस कॉलेजात गव्हर्निंग बॉडी, अकॅडमिक कौन्सिल, बोर्ड ऑफ स्टडीज यांचे अधिकार यूजीसीच्या नियमांनी ठरलेले असतात. सल्लागार मंडळ त्या साखळीत येत नाही, त्यांना कोणाला नेमायचा, काढायचा, पैसे मंजूर करायचा अधिकार नाही. पण हे नेमणूक पत्रात लिहिलेलंच नसतं, म्हणून मग एक सदस्य परस्पर प्रोजेक्ट असिस्टंटला फोन करून "तो सर्व्हे थांबव, माझ्या गावात कर" असं सांगतात आणि ते बिचारं पोरगं चार दिवस कोणाचं ऐकायचं या विचारात काढतं. आत्ता असं चालू असेल तर डायरेक्टरनी सगळ्या सदस्यांना एकच साधी मेल टाकावी: सूचना माझ्याकडे, स्टाफकडे नाही. एकट्यालाच पाठवलीत तर तो रुसणार. आणि नवीन पत्रांत कार्यकक्षा, मुदत (तीन वर्षं पुरे) आणि वर्षातून किती वेळ द्यायचा हे एका पानात लिहून टाका.

निर्णय झाल्यावर मत विचारणं

ही सगळ्यात मोठी चूक. मीटिंगच्या आदल्या रात्री साठ स्लाइडची पीपीटी मेलवर येते, सकाळी दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, मनोगत यात पाऊण तास जातो, मग डायरेक्टर वर्षभरात काय काय केलं ते वाचतात, आणि जेवणाची वेळ झाली की "आपलं मार्गदर्शन लाभावं" म्हणून माइक फिरतो. आता समोरचा काय बोलणार? "उपक्रम स्तुत्य आहे, तरुणांना जोडून घ्या." आपण टाळ्या वाजवतो.

मार्गदर्शन मागूच नका, अडचण मांडा. "भूजल प्रकल्पाबाबत आपले विचार" हा काही अजेंडा नाही. "आपल्याकडे पैसे एवढेच आहेत, यात एकतर चाळीस विहिरींची पातळी दर महिन्याला मोजता येईल, नाहीतर दहा विहिरींवर सेन्सर बसवता येतील, आम्ही चाळीसच्या बाजूने आहोत, यात काय चुकतंय?" हा झाला अजेंडा. यावर भूजलवाला लगेच विचारेल की विहिरी निवडल्या कशा, सगळ्या रस्त्याकडेच्याच कशा काय? आणि सरपंच सांगतील की त्यातल्या अर्ध्या विहिरींत उन्हाळ्यात टँकरचं पाणी ओततात, तुमचं मोजमाप काय कामाचं! हे पैसे खर्च व्हायच्या आधी कळलं तर उपयोग. म्हणून दोन किंवा तीनच प्रश्न, दोन पानांची टिपणी, दहा दिवस आधी. झालेल्या कामाचा अहवाल सोबत जोडा, वाचून दाखवू नका, सगळ्यांना वाचता येतं.

तारखेचंही तसंच. मार्चमध्ये मीटिंग ठेवली की सगळं बोलणं उरलेला निधी कसा संपवायचा यावरच होतं. पुढच्या वर्षाचं बजेट मांडायच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत बसा. आणि एक फेरी मे महिन्यात फील्डवर काढा, ऑगस्टमध्ये नको, ऑगस्टमध्ये सगळीच गावं हिरवी दिसतात.

पैसेवाला आणि सल्लावाला एकच

कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे ठराविक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात, म्हणून सेंटरं त्यांच्याकडे जातात, त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होतं जेव्हा साखर कारखान्याचा माणूस मंडळावर असतो आणि उसाच्या पाण्यावरचा प्रकल्प हळूच अजेंडावरून गायब होतो. कोणी दबाव आणलेलाही नसतो, आपणच आधी घाबरलेलो असतो. हा प्रश्न मोठ्या लोकांनाही सुटलेला नाही, २०२२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीने डॉर स्कूल ऑफ सस्टेनेबिलिटी सुरू केलं, गुंतवणूकदार जॉन डॉर आणि त्यांची पत्नी अ‍ॅन यांची १.१ अब्ज डॉलर देणगी, तरी तेल कंपन्यांचे पैसे घेणार म्हटल्यावर विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी विरोध केलाच. आपल्या पातळीवर इतकं तरी करा: दरवर्षी प्रत्येक सदस्याकडून हितसंबंधांचं पत्रक लिहून घ्या, ज्या विषयात पैसा गुंतलाय त्या चर्चेच्या वेळी त्यांनी बाहेर बसायचं, आणि तसं इतिवृत्तात नोंदवायचं. देणगीदाराला मान द्यायचाच असेल तर वेगळा देणगीदार गट करा.

सल्ला छापायचा कोणी?

पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांची समिती हे सल्लागार मंडळ नव्हतं, केंद्राने २०१० मध्ये पश्चिम घाटासाठी नेमलेला तज्ज्ञ गट होता, पण धडा इथेही लागू पडतो. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला, तो लोकांसमोर आला मे २०१२ मध्ये, तोही माहिती अधिकाराची लढाई होऊन. ग्रामसभांनी ज्यावर बोलावं असं त्या अहवालाचं म्हणणं होतं, तोच आधी दाबून ठेवलेला. मधल्या काळात अफवांना रान मोकळं. त्यामुळे मंडळाच्या शिफारशी कुठे, किती दिवसांत आणि कुठल्या भाषेत टाकणार, हे पहिल्याच मीटिंगमध्ये लिहून घ्या. एखादी शिफारस मानली नाही तर का नाही मानली, तेही दोन ओळींत त्याखाली टाका. पुढच्या मीटिंगचा पहिला विषय म्हणजे मागच्या सूचनांचं काय झालं. जाणत्या माणसाला सल्ला नाकारल्याचं वाईट वाटत नाही, विसरल्याचं वाटतं.

बाकी किरकोळ, पण दुखणारं

प्रवासखर्चाची बिलं. पंचाहत्तरीच्या शास्त्रज्ञांना सहा महिन्यांनी "ओरिजिनल बोर्डिंग पास जोडा" अशी मेल जाते आणि पुढच्या मीटिंगला ते येत नाहीत. तिकीट सेंटरनेच काढा.

कोरम होत नाही? पंधराजणांचं मंडळ असेल तर होणारच नाही, सात-आठ पुरे, आणि वर्षाच्या तारखा जूनमध्येच कळवा.

दोन दिग्गज एकमेकांशी भांडतात? भांडू द्या, मतभेद दोन्ही बाजूंनी इतिवृत्तात घ्या, फक्त एकमेकांच्या विद्यार्थ्यांच्या नेमणुकांवर गाडी आली की अध्यक्षांनी विषय बदलायचा.

आणि जे सदस्य दोन वर्षांत एकदाही फिरकले नाहीत त्यांना मुदत संपताना आभाराचं छान पत्र द्या, ब्रोशरवरचा फोटो काढा, आणि त्या जागी मीटिंगमध्ये तुम्हाला नको ते प्रश्न विचारेल असा माणूस शोधा.