बांधावर मारवेल लावताय? आधी पेरं बघा

मृगाच्या सरी स्थिरावल्या की पुणे जिल्ह्यात चाऱ्याच्या ठोंबांची देवाणघेवाण सुरू होते. मागणी सगळी नेपियर गवताला. पण त्याला पाणी हवं बारमाही, आणि दौंड, शिरूर, पुरंदरच्या जिरायती पट्ट्यात ते आणायचं कुठून? बांध, ताली आणि रिकाम्या कडांसाठी मारवेलच लावावं. गवत इथलंच, बहुवर्षायू. एकदा जम बसला की दरसाल लावणीची कटकट नाही.

घोळ होतो तो नावात. मारवेलचे भाऊबंद बरेच असल्याने त्या नावाखाली भलतेच ठोंब हाती पडतात, कधी तर चक्क कुसळी गवताचे. मग फुलोऱ्यानंतर कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात, कातडीत रुततात. खऱ्या मारवेलचं शास्त्रीय नाव डायकँथियम अन्युलेटम. जुन्या ग्रंथांत ते अँड्रोपोगॉन अन्युलेटस म्हणून सापडेल. गुजरातेत याच गवताला जिंजवो म्हणतात. ठोंब घेताना काडीची पेरं, म्हणजे गाठी, निरखा: प्रत्येक पेरावर पांढऱ्या केसांचं कडं दिसायला हवं. फुलोरा असेल तर काम आणखी सोपं, टोकाला बोटांसारख्या जांभळट लोंब्या फुटलेल्या असतात. कुसळीला एकच लोंबी आणि तिच्यावर पीळ पडलेली लांब काळपट कुसळं.

लावणी आर्द्रा ते पुष्य या काळात, जमीन चांगली ओली झाल्यावर. मुळांसकट ठोंब, वरची पाती छाटून, ४५ बाय ३० सेंटीमीटरवर लावा. हेक्टरी साधारण ७४ हजार ठोंब लागतात. बांधावर एक-दोन ओळी पुरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले मारवेल ०६-४०' हा वाण मिळाला तर उत्तमच. बियाण्यावर माझा फारसा भर नाही. ते केसाळ, हलकं, वाऱ्यावर उडणारं; पेरायचंच असेल तर ओलसर चाळलेल्या मातीत कालवून अगदी उथळ पेरा. ताजं बी तर नीट उगवतही नाही.

पहिला महिना-दीड महिना खुरपणी चुकवू नका. त्यानंतर गवत स्वतःच तण दाबतं. पहिल्या वर्षी जनावरं आत सोडू नयेत. मुळं पक्की धरण्याआधी खूर पडले की ठोंब उपटून येतात. लावणीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी, फुलोरा येऊ लागताच पहिली कापणी करा. जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर बुंधा ठेवा आणि ओल असताना थोडा युरिया द्या. कापणी लांबली की काडी राठ होते, मग गाय पाती खाऊन बाकी तुडवते. दोन ओळींच्या मधे स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक टाकलं तर चारा सकस होतो.

बारामती-इंदापूरकडे कालव्याच्या पाण्याने चोपण, म्हणजे क्षारवट, झालेल्या जमिनीतही मारवेल बऱ्यापैकी तग धरतं. तिथे मात्र आधी एखादी ओळ लावून बघा, मग पसारा वाढवा.