त्रैमासिक काढताय? आधी अंकाचं वजन करा

नाव, संपादक, चार भरवशाचे लेखक हे धरून चालू. मजकूर मात्र दोन अंकांचा हाताशी हवा, एकाचा नव्हे. पहिल्या अंकाला मित्रमंडळी हौसेने लिहितात, दुसऱ्याच्या वेळी फोन उचलत नाहीत.

नाव पक्कं करण्याआधी प्रेस सेवा पोर्टलवर, म्हणजे नियतकालिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर, ते आधीच कुणी घेतलेलं नाही ना हे बघून घ्या. नोंदणीचा १८६७चा जुना कायदा गेला, १ मार्च २०२४ पासून नवा लागू झाला, आणि आता शीर्षक व नोंदणी यांचा अर्ज एकत्रच ऑनलाइन होतो. चित्रकाराला मुखपृष्ठाचं काम त्यानंतर द्या. नाव बदलावं लागलं तर त्याची अक्षरं पुन्हा काढायला लावणं बरं दिसत नाही.

आता पोस्टाकडे चला. छापखान्याचं नंतर. किंमत आणि वर्गणी जाहीर करण्याआधी अंकाचं वजन माहीत पाहिजे, आणि तेही पाकिटासकट. गेल्या खेपेला माझ्याकडून हेच राहिलं आणि वर्गणीतले पैसे टपालातच गेले. म्हणून हे चारदा सांगणार आहे, कंटाळू नका.

हिशेब असा. क्राऊन १/४ (नियतकालिकांचा एक नेहमीचा आकार), १६ पानांचे आठ फर्मे (एका तावावर एकत्र छापून दुमडलेली पानं म्हणजे फर्मा), म्हणजे १२८ पानं. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा पांढरा कागद, घेतलात तर आतली पानंच सव्वादोनशे ग्रॅमच्या वर जातात. २५० जीएसएमचं मुखपृष्ठ चढलं की काटा अडीचशेला टेकतो. मग पाकीट, पत्त्याची चिठ्ठी, चिकटपट्टी. स्पीड पोस्टात २५० ग्रॅम ओलांडलं की पुढचा टप्पा थेट ५०० पर्यंतचा. दहा ग्रॅम जास्त झाले तरी दर त्याच टप्प्याचा. हाच अंक ७० जीएसएमवर काढलात तर पाकिटासकट २४० च्या आसपास बसतो. नाहीतर कागद ८० चाच ठेवा आणि एक फर्मा कमी करा. वर्गणीदाराला वर्षात चार अंक जातात, तेव्हा हा फरकही चारदा भरायचा आहे.

सवलतीच्या आशेवर राहू नका. वृत्तपत्रांची टपाल-सवलत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतराने निघणाऱ्या प्रकाशनाला मिळत नाही, म्हणजे त्रैमासिक बाहेरच. १ मे २०२५ला सुरू झालेली ज्ञान पोस्ट ही स्वस्त टपालसेवा पुस्तकांसाठी आहे. ठरावीक काळाने निघणारी आणि जाहिराती असलेली प्रकाशनं तिच्यात बसत नाहीत. २०२५मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. दहा वर्षांपूर्वी अंक काढणाऱ्याने सांगितलेले टपालाचे आकडे आदराने ऐका आणि बाजूला ठेवा.

वजन कागदावर मांडून भागत नाही. छापखान्याकडून त्याच कागदाची, त्याच मुखपृष्ठाची कोरी डमी, म्हणजे न छापलेला नमुना अंक, बांधून घ्या. ते कुरकुर करतील, तरी घ्या. ती नेहमीच्या पाकिटात घाला, पत्ता चिकटवा, पाकीट बंद करा आणि ओळखीच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. डमी उन्हाळ्यात केली आणि अंक जुलैत निघणार असेल तर आठ-दहा ग्रॅमची सवड ठेवा. पावसाळी हवेत कागद ओल धरतो. मग पोस्टाच्या खिडकीवर दर विचारा, गावातला वेगळा, लांबचा वेगळा. जास्तीत जास्त वर्गणीदार जिथे असतील तिथला दर धरा आणि मगच वर्गणी ठरवा.

छपाईकडे वळू. शंभर-दोनशे प्रती असतील तर डिजिटल, पाचशेच्या पुढे ऑफसेट, मधल्या आकड्याला दोन्हींचे दर मागवा. आतली छपाई एकरंगी ठेवा. पानांची संख्या फर्म्यात बसवा, उगाच अर्धा फर्मा नको. मजकूर युनिकोडमध्येच मागा. कुणी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात पाठवेल, कुणी हस्तलिखिताचा फोटो. युनिकोडमध्ये रूपांतर केलं की रफार आणि जोडाक्षरं ओळीने तपासावीच लागतात. मुद्रितशोधन लेखकाकडे सोपवू नका, त्याला स्वतःची चूक दिसत नाही. शेवटचं प्रूफ कागदावर वाचा, पडद्यावर नव्हे. आणि ऐनवेळी एखादी दीर्घकथा आवडली म्हणून फर्मा वाढवलात तर पुन्हा वजन करा. जाड कागद स्वस्तात मिळतोय असं छापखाना म्हणाला तरी पुन्हा वजन करा. जाहिरातीसाठी आर्ट पेपरची चार पानं घातलीत? वजन.

लेखकप्रती मोजा. प्रत्येक लेखकाला, चित्रकाराला, अनुवादकाला एक प्रत टपालानेच जाते, ते पैसे खर्चात धरा. मानधन थोडं असलं तरी द्या, आणि अंकासोबतच द्या.

विक्रीचं थोडक्यात. दुकानदाराचं कमिशन आणि न खपलेल्या प्रती परत घेण्याची मुदत आधीच लिहून घ्या. गठ्ठे एसटीच्या पार्सलने पाठवता येतात, सुट्या प्रतींपेक्षा परवडतं. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना पत्रं लिहा. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं अंकात छापा. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, फुकट मिळतो, अर्ज करा. बिलं एका फाइलमध्ये. पत्त्यांची यादी पिनकोडसकट, दोन ठिकाणी जपलेली. पाकिटं शंभर जास्तीची आणा, पण डमीच्या वेळी वापरलेल्या जातीचीच. जाड आणलीत तर एक भरून परत काट्यावर ठेवा.